आकड्यांचा जन्मदाखला मागणारा प्राध्यापक

कोलकाता, २८ जून : देशात दरवर्षी २९ जूनला सांख्यिकी दिन पाळला जातो. प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा हा जन्मदिवस असून २००७ पासून केंद्र सरकार तो या नावाने साजरा करते. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचे शिल्पकार आणि भारतीय सांख्यिकी संस्थेचे संस्थापक, अशी त्यांची ओळख या दिवशी बहुधा करून दिली जाते. ती खरी असली तरी तिच्यात त्यांच्या कामाचा एक मोठा भाग येत नाही. एखादा आकडा कोणी मोजला, कोणत्या व्याख्येने मोजला, किती दिवसांच्या हिशेबावर बेतला आणि त्यात किती चूक संभवते, हे त्या आकड्यासोबत लिहिलेले असावे आणि लिहिण्याची रीत सर्वांची एक असावी, हा आग्रह त्यांनी जवळजवळ अर्धशतक धरला.

आकड्यासोबतच्या या माहितीला आज मेटाडेटा म्हणतात. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी, जागतिक बँक, संयुक्त राष्ट्रे यांच्यासह सात आंतरराष्ट्रीय संस्थांनी २००१ मध्ये एकत्र येऊन आकडेवारी आणि मेटाडेटा यांच्या देवाणघेवाणीसाठी समान मानक ठरवण्याचे काम हाती घेतले. भारताच्या सांख्यिकी मंत्रालयानेही राष्ट्रीय मेटाडेटा संरचना तयार केली आहे. महालनोबिस यांच्या हयातीत हा शब्द रूढ नव्हता. अडचण मात्र हीच होती, आणि ती त्यांना प्रथम भेटली ती माणसांच्या नाकाडोक्यांच्या मापांत.

महालनोबिस यांचा जन्म २९ जून १८९३ रोजी कलकत्त्यात, ब्राह्म समाजाच्या विचारांत वाढलेल्या एका कुटुंबात झाला. आजोबा गुरुचरण यांनी विधवेशी विवाह करून त्या काळच्या रूढींना छेद दिला होता. मामा नीलरतन सरकार हे बंगालमधील नामांकित डॉक्टर. प्रेसिडेन्सी कॉलेजातून १९१२ मध्ये पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन ते पुढल्या वर्षी इंग्लंडला गेले. प्रवेश लंडनमध्ये घ्यायचा, असा बेत होता. केंब्रिज पाहायला गेले असता परतीची शेवटची गाडी चुकली, मित्राकडे मुक्काम पडला आणि किंग्ज कॉलेजचे प्रार्थनामंदिर पाहून त्यांनी तिथेच शिकायचे ठरवले. केंब्रिजमध्ये रामानुजन यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला.

शिक्षण संपवून १९१५ मध्ये ते सुटीसाठी मायदेशी यायला निघाले. महायुद्धामुळे बोट सुटण्यास विलंब झाला. त्या रिकाम्या दिवसांत कॉलेजच्या ग्रंथालयात शिक्षक मॅकॉले यांनी ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकाच्या खंडांकडे त्यांचे लक्ष वेधले. सजीवांच्या मोजमापांना गणित लावणारे हे नियतकालिक होते. महालनोबिस यांनी त्याचे खंड विकत घेतले आणि बोटीवरच वाचायला काढले. कलकत्त्यात परतल्यावर प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवण्याची संधी मिळाली आणि केंब्रिजला परत जाणे राहून गेले. ‘प्रोफेसर’ हे संबोधन पुढे त्यांना आयुष्यभर चिकटले.

या वाचनाला काम मिळाले ते नागपुरात. जानेवारी १९२० मध्ये भारतीय विज्ञान परिषदेचे अधिवेशन त्या शहरात भरले होते. तिथे प्राणिसर्वेक्षण विभागाचे संचालक नेल्सन अॅनन्डेल यांची भेट झाली. अॅनन्डेल यांनी कलकत्त्यातील अँग्लो-इंडियन पुरुषांची शरीरमापे घेऊन ठेवली होती. त्यांचे विश्लेषण करण्याची विनंती त्यांनी या तरुण प्राध्यापकाला केली. सुमारे २०० पुरुषांच्या उंचीवरील महालनोबिस यांचा पहिला सांख्यिकीय निबंध १९२२ मध्ये प्रसिद्ध झाला. समूहासमूहांतील अंतर मोजण्याचे जे सूत्र आज जगभर ‘महालनोबिस अंतर’ म्हणून शिकवले जाते आणि ज्यावरील त्यांचा मुख्य निबंध १९३६ चा आहे, त्याची सुरुवात याच कामात आहे.

सूत्राची कीर्ती मोठी, म्हणून त्याआधीची एक पायरी सहसा कोणी सांगत नाही. दोन समूहांतील अंतर काढायचे तर दोन्हींची मापे एकाच रीतीने घेतलेली हवीत. प्रत्यक्षात तसे नव्हते. नाकाची लांबी या साध्या शब्दांमागेही एकमत नव्हते. नाक कपाळाखाली नेमके कोणत्या बिंदूपासून सुरू होते, हे वेगवेगळे शास्त्रज्ञ वेगवेगळे धरत. युरोपातील मानवशास्त्रज्ञांनी १९०६ मध्ये मोनॅको येथे आणि १९१२ मध्ये जिनिव्हा येथे एकत्र येऊन मापांचे बिंदू ठरवण्याचे करार केले होते. तरीही मोजणाऱ्यांच्या रीती एक झाल्या नव्हत्या. महालनोबिस यांनी १९२८ मध्ये ‘बायोमेट्रिका’त प्रसिद्ध केलेल्या निबंधाचा विषयच मुळी जिवंत माणसांच्या मापांच्या प्रमाणीकरणाची गरज हा होता. ज्या खंडांनी त्यांना सांख्यिकीत ओढले, त्याच नियतकालिकात तो छापून यावा, हा योगायोग लक्षात राहण्याजोगा आहे.

हा वाद केवळ पंडितांचा नव्हता. हर्बर्ट रिस्ले या अधिकाऱ्याने १८९१ मध्ये बंगालमधील जातिजमातींची मापे प्रसिद्ध केली होती आणि नाकाच्या निर्देशांकावरून जातींची वांशिक उतरंड मांडली होती. पुढे १९०१ च्या जनगणनेचे आयुक्तही तेच होते. लाखो लोकांच्या सामाजिक स्थानाविषयीचे दावे ज्या आकड्यांवर उभे होते, ते आकडे महालनोबिस यांनी १९३० च्या दशकात पुन्हा एकेक करून तपासले. एकमेकांशी न जुळणाऱ्या नोंदींचा माग काढत त्यांनी नकलेतील, छपाईतील आणि हिशेबातील चुका वेगळ्या केल्या. असे काम करणाऱ्याला फारशी प्रसिद्धी मिळत नाही. हिशेबतपासनीसाचेच ते काम. पुढे १९४१ मध्ये संयुक्त प्रांतात शरीरमापनाची मोठी पाहणी झाली तेव्हा सुमारे तीन हजार लोकांची मापे मानवशास्त्रज्ञ धीरेंद्रनाथ मजुमदार यांनी स्वतः घेतली. मोजणारा हात एकच राहिला, तर हाताहातांतील फरक आकड्यांत शिरत नाही. त्या मापांचे विश्लेषण महालनोबिस आणि सी. आर. राव यांनी केले.

दरम्यान प्रेसिडेन्सी कॉलेजातील त्यांच्या खोलीत सांख्यिकीची प्रयोगशाळा उभी राहिली होती. तिच्यातून १७ डिसेंबर १९३१ रोजी भारतीय सांख्यिकी संस्थेची कल्पना पक्की झाली आणि पुढल्या एप्रिलमध्ये तिची नोंदणी झाली. १९३३ मध्ये ‘सांख्य’ हे नियतकालिक सुरू झाले. याच काळात पूर, पाऊस, पिके अशा नाना विषयांचे काम त्यांच्याकडे येत होते. ओडिशातील पुरांचे कारण नदीचा तळ उंचावणे हे असल्याचा अभियंत्यांचा समज त्यांनी जुन्या नोंदींच्या आधारे खोडून काढला. रवींद्रनाथ टागोरांशी त्यांचा निकटचा संबंध होता. विश्वभारतीच्या स्थापनेपासून दहा वर्षे ते तिचे चिटणीस होते आणि १९२६ च्या युरोप दौऱ्यात पत्नी निर्मलकुमारी यांच्यासह टागोरांसोबत होते. त्या प्रवासातच त्यांना लंडनमध्ये कार्ल पिअर्सन यांच्या प्रयोगशाळेत काही काळ काम करता आले.

माणसांच्या मापांतला प्रश्न त्यांना पुन्हा भेटला तो शेतात. बंगालमध्ये कायमधारा पद्धती होती. सरकारचा शेतसारा जमीनदारांकडून ठरावीक मिळत असल्याने गावोगावी पीकनोंद करणारी यंत्रणाच तिथे उभी राहिली नाही. मुंबई इलाख्यात तलाठी पीकपाणी लिहीत असे. बंगालमध्ये तागाखाली किती जमीन आहे, याचा अंदाज चौकीदारापासून वरपर्यंत ऐकीव माहितीवर चढत जाई. उत्पन्नाचा अंदाज तर सर्वत्रच नजरेने होई. महाराष्ट्रातील वाचकांना आणेवारी हा शब्द परिचित आहे. सर्वसाधारण पिकाच्या मानाने यंदाचे पीक किती आणे, हे पाहून सांगायचे. पण सर्वसाधारण पीक म्हणजे कुठे सोळा आणे, तर कुठे बारा आणे धरत. दोन प्रांतांचे आकडे शेजारी ठेवले तर त्यांतून काय समजायचे, हे ते मांडणाऱ्यालाही सांगता आले नसते.

१९३७ पासून महालनोबिस यांनी तागाच्या लागवडीची नमुना पाहणी सुरू केली आणि पाच वर्षांत ती टप्प्याटप्प्याने सर्व बंगालभर नेली. बिहार-ओडिशात हबॅक या अधिकाऱ्याने १९२० च्या दशकात भाताच्या पिकावर केलेले नमुना कापणीचे प्रयोग त्यांच्यापुढे होते. महालनोबिस यांनी भर घातली ती चूक मोजण्याच्या पद्धतीची. एकाच प्रदेशातून दोन स्वतंत्र नमुने काढायचे आणि दोन वेगळ्या पथकांना द्यायचे. एकाचे दुसऱ्याला कळू द्यायचे नाही. दोघांचे निष्कर्ष जुळले तर आकड्यावर भरवसा ठेवता येतो. न जुळले तर क्षेत्रीय कामात कुठे तरी गफलत आहे, हे उघड होते. आपल्याच कामातील चूक आकड्यासोबत जाहीर करण्याची ही रीत सरकारी खात्यांना सहजी मानवणारी नव्हती. याच कामावरील त्यांचा दीर्घ निबंध १९४४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केला आणि पुढल्याच वर्षी ते सोसायटीचे सदस्य निवडले गेले.

मधल्या काळात, १९४३ मध्ये, बंगालमध्ये दुष्काळ येऊन गेला होता. धान्य किती आहे आणि किती हवे, याची भरवशाची आकडेवारी नसलेल्या प्रांतात लक्षावधी माणसे मेली. दुष्काळाची कारणे अनेक होती आणि आकड्यांच्या अभावावर सारा दोष टाकणे बरोबर ठरणार नाही. पण पिकाच्या अंदाजात गोंधळ असला की त्याची किंमत कोण मोजतो, हे त्या वर्षाने दाखवले. दुष्काळानंतर उद्ध्वस्त झालेल्या कुटुंबांची नमुना पाहणी महालनोबिस यांच्याच संस्थेने केली.

याच दशकात त्यांना तोडीचा प्रतिस्पर्धी भेटला. पांडुरंग वासुदेव सुखात्मे सातारा जिल्ह्यातील बुध गावचे. फर्ग्युसन कॉलेजात शिकून त्यांनी लंडनमध्ये डॉक्टरेट मिळवली आणि दिल्लीत कृषी संशोधन परिषदेत पिकांच्या अंदाजाचे काम हाती घेतले. वाद होता तो कापणीच्या तुकड्याच्या आकाराचा. शेतात यदृच्छेने जागा निवडायची, तिथे ठरावीक आकाराचा तुकडा आखायचा, त्यातले पीक कापून वजन करायचे आणि त्यावरून एकरी उत्पन्न काढायचे, इथपर्यंत दोघांचे एकमत होते. महालनोबिस यांच्या संस्थेतील पथके लहान तुकडे कापत. सुखात्मे यांचे म्हणणे असे की तुकडा लहान असला की कडेवरची रोपे आत धरली जातात आणि उत्पन्न वाढवून दिसते. याविषयीचा त्यांचा लेख ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. लहान तुकड्यांतील हा दोष महालनोबिस यांच्या पथकांच्या प्रयोगांतही आढळला होता. पण त्यासाठी पद्धतच टाकून देण्याची गरज नाही, अशी त्यांची भूमिका होती.

या वादाकडे दोन विद्वानांची चुरस म्हणून पाहिले जाते, आणि तशी ती काही प्रमाणात होतीही. त्यामागची प्रशासकीय जमीन मात्र वेगळी होती. सुखात्मे यांच्या पद्धतीत कापणी महसूल आणि शेती खात्याचे नेहमीचे कर्मचारी करत. जिथे तलाठी होता तिथे ते शक्य होते. महालनोबिस बंगालमध्ये काम करत होते, जिथे तलाठीच नव्हता, म्हणून त्यांनी स्वतःची प्रशिक्षित पथके उभी केली. फिरत्या पथकाला थोड्या वेळात पुष्कळ ठिकाणी जायचे असते. त्याला लहान तुकडाच परवडतो. सरकारी व्यवस्थेत पुढे सुखात्मे यांची पद्धत रुजली. महालनोबिस यांनी ही हार मनाला लावून घेतली असावी, असे त्यांच्या पुढील लिखाणाच्या सुरावरून वाटते. वाचकाच्या दृष्टीने यात महत्त्वाचे हे की एकरी उत्पन्न हे दोन शब्द दोन्ही अहवालांत तेच होते आणि त्यांमागचा तुकडा वेगळा होता. तुकड्याचा आकार लिहिलेला नसेल तर दोन आकड्यांची तुलना करणे म्हणजे दोन वेगळ्या पायल्यांनी मापलेले धान्य एकत्र करणे होय.

सप्टेंबर १९४७ मध्ये, देश स्वतंत्र होऊन महिनाही उलटला नव्हता तेव्हा, महालनोबिस न्यूयॉर्कजवळच्या लेक सक्सेस येथे होते. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने नमुना पाहणीविषयी एक उपआयोग नेमला होता आणि त्याचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले होते. ब्रिटनचे फ्रँक येट्स, फ्रान्सचे झॉर्ज दार्म्वा आणि अमेरिकेचे एडवर्ड्स डेमिंग हे सदस्य. रोनाल्ड फिशर सल्लागार. महायुद्धाने उद्ध्वस्त झालेल्या आणि नव्याने स्वतंत्र होऊ घातलेल्या देशांना धान्य, लोकसंख्या, रोजगार यांचे आकडे तातडीने हवे होते आणि संपूर्ण गणना करण्याइतका पैसा वा वेळ कोणाकडेच नव्हता. नमुना पाहणी हाच मार्ग होता. पण नमुना या शब्दाखाली तेव्हा काहीही खपत असे. कोणी यदृच्छ निवडीचे सारे नियम पाळून पाहणी करी, कोणी वाटेत भेटली ती चार गावे पाहून येई. छापील तक्त्यात दोघांचे आकडे सारखेच रुबाबदार दिसत.

उपआयोगाने यावर जो उपाय काढला, तो दिसायला अगदी रूक्ष आहे. पाहणीचा अहवाल कसा लिहावा, याविषयीच्या शिफारशी त्याने तयार केल्या आणि संयुक्त राष्ट्रांनी त्या पुस्तिकेच्या रूपात छापल्या. पाहणी कशासाठी केली, कोणता प्रदेश आणि कोणते लोक तीत आले, कोण वगळले गेले, नमुना कोणत्या यादीतून आणि कसा काढला, माहिती कोणी व कशी गोळा केली, ती कोणत्या काळाची आहे, किती जणांनी उत्तर दिले नाही, चूक किती संभवते, दुसऱ्या स्रोतांशी ताडून पाहिले असता काय आढळले, खर्च किती आला, हे सर्व प्रत्येक देशाने लिहावे, अशी ती अपेक्षा होती. मेटाडेटाच्या आजच्या मानकांतील रकाने पाहिले की या जुन्या पुस्तिकेची आठवण होते. भारतात पाहणीचे आकडे ज्या संकेतस्थळावरून संशोधकांना दिले जातात, तिथेही अशाच मथळ्यांखाली पाहणीची हकीकत दिलेली असते. चार देशांतले, वेगवेगळ्या परंपरांतले आणि स्वभावाने मुळीच नरम नसलेले सांख्यिकीतज्ज्ञ एका मसुद्यावर आले, हे त्या काळातील राजकीय ताणतणाव पाहता कमी नव्हते. शिफारशी बंधनकारक नव्हत्या, हेही सांगितले पाहिजे. त्या पाळणे हे प्रत्येक देशाच्या इच्छेवर राहिले.

मायदेशी परतल्यावर तेच काम अधिक अवघड रूपात पुढे आले. १९४९ मध्ये ते केंद्रीय मंत्रिमंडळाचे मानद सांख्यिकी सल्लागार झाले आणि त्याच वर्षी सरकारने राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली. महालनोबिस अध्यक्ष, पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ आणि दिल्लीचे व्ही. के. आर. व्ही. राव हे सदस्य. सायमन कुझनेट्स, रिचर्ड स्टोन आणि डर्कसन हे परदेशी तज्ज्ञ सल्ल्यासाठी आले. शेतकऱ्याने घरी खाल्लेले धान्य उत्पन्नात धरायचे का आणि धरायचे तर कोणत्या भावाने, बलुत्याच्या बदल्यात केलेल्या कामाचे मोल काय, असे प्रश्न या समितीपुढे होते. स्टोन हे संयुक्त राष्ट्रांसाठी राष्ट्रीय लेख्यांची समान पद्धती घडवण्यात गुंतलेले होते. ती पद्धती १९५३ मध्ये आली. बाजारात न येणारे धान्य पिकवणाऱ्या देशाला ती कशी लागू पडते, हे कलकत्ता, पुणे आणि दिल्लीच्या या तिघांना ठरवायचे होते. समितीच्या १९५१ च्या पहिल्या अहवालात १९४८-४९ चे राष्ट्रीय उत्पन्न ८,७१० कोटी रुपये होते. १९५४ च्या अंतिम अहवालात ते ८,६५० कोटी झाले. आपला आधीचा आकडा सुधारून पुन्हा छापण्यात समितीने कमीपणा मानला नाही.

या समितीला जी माहिती कुठेच मिळेना, ती गोळा करण्यासाठी १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. पहिली फेरी ऑक्टोबर १९५० ते मार्च १९५१ अशी चालली आणि तीत १,८३३ गावे निवडली होती. सुरुवातीच्या फेऱ्यांत पुण्याच्या गोखले संस्थेचाही सहभाग होता. गावागावांत पोचलेल्या पाहणीकर्त्यांपुढे पहिली अडचण भाषेची आणि दुसरी मापांची होती. बिघा प्रांताप्रांतांत वेगळा, शेर वेगळा, मण वेगळा. पायलीत किती मावेल हे तालुका बदलला की बदले. वजनमापांचा एकच दशमान कायदा १९५६ मध्ये झाला. तोवर प्रत्येक ठिकाणचे स्थानिक माप लिहून घ्यायचे, त्याचे प्रमाणित मापातील मूल्य शोधायचे आणि मग बेरीज करायची, एवढाच मार्ग होता.

मापांहून गहन प्रश्न निघाला काळाचा. कुटुंबाने किती तांदूळ खाल्ला, हे विचारताना गेल्या आठवड्याचे विचारायचे की गेल्या महिन्याचे? दोन्ही रीतींनी विचारल्यावर उत्तरे वेगळी येत. आठवड्याचा हिशेब धरला की खप अधिक दिसे. महालनोबिस आणि त्यांचे सहकारी सेन यांनी पश्चिम बंगालमधील गावांत प्रयोग केला. काही कुटुंबांना आठवडा, काहींना महिना विचारला आणि काहींकडे पाहणीकर्ते बसून प्रत्यक्ष वजन करत राहिले. वजनाच्या अधिक जवळ महिन्याचे उत्तर आले. आठ-दहा दिवसांपूर्वीची खरेदीही माणूस आठवड्यात ओढून धरतो, हे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. पुढे अनेक दशके तीस दिवसांचा हिशेब हीच पाहणीची रीत राहिली. दांडेकर आणि रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्याचा जो गाजलेला अभ्यास प्रसिद्ध केला, तो पाहणीच्या याच खर्चाच्या आकड्यांवर उभा होता.

हा तपशील किती मोलाचा होता, हे महालनोबिस यांच्यानंतर पाव शतकाने कळले. १९९९-२००० च्या पाहणीत अन्नखर्चासाठी सात दिवस आणि तीस दिवस असे दोन्ही रकाने एकाच कुटुंबापुढे ठेवले गेले. एका उत्तराचा परिणाम दुसऱ्यावर झाला. सरकारी अंदाजानुसार १९९३-९४ मध्ये सुमारे ३६ टक्के असलेले दारिद्र्य २६ टक्क्यांवर आले; पण त्यातली घट खरी किती आणि प्रश्न बदलल्यामुळे किती, यावर अर्थतज्ज्ञ अनेक वर्षे वाद घालत राहिले. शिधापत्रिकांपासून योजनांच्या निधीपर्यंत पुष्कळ गोष्टी ज्या आकड्यावर ठरतात, तो आकडा एका रकान्यामुळे मागच्या आकड्याशी तुलना करण्याजोगा उरला नव्हता. प्रश्नावली छापलेली होती, म्हणून निदान हा वाद तरी होऊ शकला.

१९५० नंतरची महालनोबिस यांची कीर्ती योजनाकार म्हणून अधिक आहे. मार्च १९५५ मधील त्यांच्या मसुद्यावर दुसरी पंचवार्षिक योजना बेतली गेली, अवजड उद्योगांवर भर देण्यात आला आणि त्यावर तेव्हापासून आजपर्यंत टीकाही झाली. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. इथे एवढेच नोंदवायचे की नेहरूंचा पाठिंबा असल्याने सांख्यिकीच्या कामाला त्या वर्षांत पैसा आणि माणसे मिळाली. कलकत्त्यात १९५० मध्ये आंतरराष्ट्रीय सांख्यिकी शिक्षण केंद्र सुरू झाले आणि आशिया-आफ्रिकेतील तरुण अधिकारी तिथे येऊन एकाच पद्धतीचे प्रशिक्षण घेऊ लागले. १९५१ मध्ये केंद्रीय सांख्यिकी संघटना स्थापन झाली. १९५९ च्या कायद्याने भारतीय सांख्यिकी संस्थेला राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा मिळाला. पाहणीची वाढती आकडेमोड हाताळण्यासाठी संस्थेने १९५६ मध्ये देशातील पहिल्या संगणकांपैकी एक आणला.

या यशात एक दोष वाढत गेला. पाहणी करणारे सरकारी कर्मचारी एकीकडे, आकड्यांचे संस्करण कलकत्त्याच्या संस्थेत आणि अहवाल प्रसिद्ध करणारे दिल्लीत, अशी विभागणी झाली होती. फेऱ्या एकामागून एक होत गेल्या आणि अहवाल मागे पडत गेले. अतिशय काटेकोर पद्धतीने गोळा केलेली माहिती वर्षानुवर्षे छापली जात नसेल, तर त्या काटेकोरपणाचा उपयोग धोरण ठरवणाऱ्याला नाही आणि टीकाकारालाही नाही. महालनोबिस यांचा स्वभाव सत्ता हाती ठेवणारा होता, सहकाऱ्यांशी खटके उडत, अनेक गुणी माणसे संस्था सोडून गेली. या विलंबाचा काही वाटा त्यांच्याकडेही जातो. १९७० मध्ये सरकारने पाहणीचे सर्व काम एका छत्राखाली आणून राष्ट्रीय नमुना पाहणी संघटना उभारली आणि संस्थेकडील भाग काढून घेतला. वीस वर्षे जोपासलेले काम हातातून जाताना पाहणे त्यांना सोपे गेले नाही.

१९६८ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले होते. २८ जून १९७२ रोजी, वयाला एकोणऐंशी वर्षे पूर्ण होण्याच्या आदल्या दिवशी, कलकत्त्यात त्यांचे निधन झाले. बरानगरमधील ज्या घरात ते राहत, त्याला ‘आम्रपाली’ हे नाव टागोरांनी दिलेले होते.

त्यांनी सुरू केलेल्या पाहणीच्या अहवालांत आजही तक्त्यांआधी संकल्पना आणि व्याख्यांचे प्रकरण असते. कुटुंब कशाला म्हणावे, वेगळी चूल मांडणारा भाऊ त्यात धरावा का, घरी पिकवलेल्या धान्याचा भाव कोणता लावावा, हे त्यात सांगितलेले असते. अहवालाच्या शेवटी प्रश्नावली जशीच्या तशी जोडलेली असते, आणि प्रत्येक मुख्य रकान्याच्या डोक्यावर दिवस लिहिलेले असतात : गेले सात, गेले तीस किंवा गेले ३६५.